बाळंतपणाची रंगीत तालीम

सरकारी नोकरीतली शेवटची आठ वर्षं मी बाळंत होण्यात काढली. पन्नासाव्या वर्षी सुरुवात केली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, नियत वयोमानानुसार, थांबले. रोज सकाळी एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा, आणि तुकडी मोठी असली तर मधल्या चहाच्या आधी आणखी एकदा. कधी बाळ पायाळू असायचं, कधी त्याचा खांदा अडकायचा, कधी मला झटके यायचे, आणि आठवड्यातून दोनदा तरी रक्तस्रावानं माझा जीव जायचा. पाच वाजता साडी बदलून मी सक्करदऱ्याला घरी जायचे आणि पोळ्या लाटायला घ्यायचे.

माझं काम नेमकं काय होतं हे नातेवाइकांना कधीच नीट समजलं नाही, म्हणून इथं आधीच सांगून टाकते. मी नर्स. घर उमरेडच्या विणकरांचं. वडील मागावर बसायचे, आणि मुलीनं नर्स व्हावं हे त्यांनीच ठरवलं, कारण मागाचं पुढं काही खरं नाही हे त्यांना लवकर कळलं होतं. सव्वीस वर्षं निरनिराळ्या सरकारी दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये काढल्यावर मला नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात घेतलं. तिथं विदर्भातल्या लहानमोठ्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्स तीन-तीन दिवसांसाठी यायचे. बाळंतपणात अचानक काही बिघडलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे त्यांना शिकवायचं. पुस्तकातलं तसं सगळ्यांना येत असतं. पण समोर रक्त वाहायला लागलं की ते पुस्तक डोक्यातून कुठं जातं, कोण जाणे. म्हणून खऱ्या बाईला धोक्यात न घालता खऱ्यासारखी धांदल उडवून द्यायची, आणि त्या धांदलीत हात चालवायची सवय लावायची. विमान चालवणाऱ्यांना म्हणे आधी खोट्या विमानात बसवतात. आमचं खोटं विमान म्हणजे मी.

केंद्रात एक पोट होतं. कातडीच्या रंगाचं, जाड रबरी कापडाचं, पट्ट्यांनी कमरेला बांधायचं. त्याच्या आत एक प्लॅस्टिकचं बाळ, त्याची नाळ, वार, आणि लाल पाण्याची एक पिशवी. पिशवीची तोटी माझ्या मांडीजवळ. मी टेबलावर पडायचे, वरून चादर, आणि चादरीखाली माझे दोन्ही हात कामात. एका हातानं बाळ खाली सरकवायचं, दुसऱ्या हातानं तोटी सोडायची, मध्येच आतली एक गादी फुगवून गर्भाशय घट्ट झाल्याचं दाखवायचं किंवा हवा सोडून ते ढिलं करायचं. आणि हे सगळं करताना तोंडानं ओरडायचं. सर्कशीतल्या माणसालाही एवढी कामं एका वेळी नसतील.

रक्ताचा रंग करायला खाण्याचा लाल रंग लागायचा. पहिल्या दिवशी तो आणायचं काम मी आमच्या ह्यांच्यावर सोपवलं. हे शाळामास्तर, त्या दिवशी रजेवर होते. त्यांनी धरमपेठेतून पुडी आणली आणि पाण्यात कालवल्यावर ती निघाली केशरी. तुकडी येऊन बसली होती, बदलायला वेळ नव्हता. त्यामुळं माझ्या आयुष्यातला पहिला प्रशिक्षणाचा रक्तस्राव जिलेबीच्या रंगाचा झाला. एका नर्सनं तर तपासणीत नोंदही केली की पेशंटला कावीळ असावी.

दुसरी अडचण माझ्या ओरडण्याची. आमच्या हॉलला लागून दुसऱ्याच कुठल्याशा खात्याचं ऑफिस होतं. तिथले साहेब पहिल्या आठवड्यात दोनदा धावत आले. तिसऱ्या वेळी ते आले नाहीत, त्यांचं पत्र आलं. जावक क्रमांक वगैरे घालून त्यात लिहिलं होतं की आपल्याकडील प्रसूतीच्या वेळा आदल्या दिवशी कळवण्यात याव्यात, म्हणजे या कार्यालयाला बैठका त्यानुसार ठेवता येतील. आम्ही वेळापत्रक पाठवत गेलो. पुढं पुढं तर उशीर झाला की तेच शिपायाकडून विचारायचे, आज बाई बाळंत झाल्या नाहीत का अजून.

मी ओरडत होते ते चूक होतं, हे मला एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी शिकवलं. गडचिरोलीकडच्या एका उपकेंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली होती. माझं बाळंतपण त्यांनी शांतपणे पार पाडलं, हात धुतले आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमचं नाटक चांगलं हाय. पन बाई अशी सारखी नाई वरडत. कळ यायच्या आधी ती एकदम गप होते. पाहा कवा ध्यान देऊन." मी सव्वीस वर्षं लेबर रूममध्ये होते आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. मी कायम दुसऱ्या टोकाला उभी असायचे ना. त्या दिवसापासून मी कळ येण्याआधी गप व्हायला लागले, आणि शिकायला आलेल्या अर्ध्या नर्स माझ्या त्या गप होण्यानंच सावध व्हायच्या.

आमच्या ह्यांनीही एकदा धडा घेतला, म्हणजे दिला. मी चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला ते केंद्रावर आले. दार उघडं. आत मी टेबलावर पडलेली, खालच्या फरशीवर लाल थारोळं, आणि भोवती सात जण उभे राहून औषध कोणत्या खणात आहे यावर वाद घालत होते. ह्यांना सगळं ठाऊक होतं, रंग त्यांनीच आणून दिला होता. तरी ते आत आले आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "अहो, कुणीतरी काहीतरी करा ना. मदत बोलवा."

सात जणांनी वळून बघितलं. मी टेबलावरूनच सांगितलं की या खोलीत आतापर्यंत बरोबर पाऊल फक्त या गृहस्थांनी उचललंय. पहिली पायरी तीच असते, मदत बोलवा. हे चष्मा माझ्या उशाशी ठेवून घाईघाईनं निघून गेले. घरी आल्यावर म्हणाले, "नाटक आहे हे माहीत होतं गं. पण तू फार पांढरी दिसत होतीस." मी पावडर लावली होती.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले, त्या दोघांकडं येते. माझ्या त्या कामाचं तिसरं वर्ष असेल. उमरेडच्या पुढच्या एका ग्रामीण रुग्णालयातून एक तुकडी आली. त्यात डॉक्टर गावंडे होते आणि त्यांच्याच लेबर रूमच्या वंदना सिस्टर.

गावंडे पंचेचाळिशीचे, धिप्पाड, हात अतिशय चांगला. पण त्यांना हे असलं शिक्षण मान्य नव्हतं. पहिल्याच दिवशी माझ्याकडं आणि पोटाकडं बघून म्हणाले, "मॅडम, आम्ही दिवसाला चार खऱ्या डिलिव्हऱ्या करतो. हे बाहुलीचं लग्न कशाला?" वंदना सिस्टर त्यांच्या मागं उभ्या. बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. बारा वर्षं लेबर रूममध्ये होत्या आणि त्यांच्या हाताला काही शिकवण्यासारखं नव्हतं. फक्त त्या बोलायच्या नाहीत.

त्या दिवशीचा प्रसंग होता बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा. बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. बाळ बाहेर आलं, वार पडली, की गर्भाशयानं आकसून चेंडूसारखं घट्ट व्हायला पाहिजे. ते आकसलं की रक्तवाहिन्या आपोआप दाबल्या जातात. नाही आकसलं तर नळ उघडा राहिल्यासारखं रक्त वाहतं आणि धडधाकट बाई बघता बघता हातची जाते. न आकसण्याची कारणं असतात, त्यातलं एक अगदी साधं. लघवीनं ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय, तुंबलेलं असलं की ते गर्भाशयाला वर ढकलून ठेवतं आणि आकसू देत नाही. नळी घालून लघवी काढली की पुष्कळदा काम होतं. इतकं साधं आहे म्हणूनच ते विसरलं जातं.

मी त्या दिवशी हेच कारण ठरवून टेबलावर पडले. तोटी सोडली.

गावंडे सुरू झाले. "अरे, कोणीतरी ऑक्सिटोसिन द्या. सलाईन लावा कोणीतरी. बीपी बघा रे." सगळं कोणीतरीला. परिणाम असा झाला की दोन नर्सनी ते गर्भाशय आकसवणारं इंजेक्शन दोन्ही बाजूंनी दिलं, सलाईन कोणीच लावलं नाही, आणि बीपीचं यंत्र तिघांनी मिळून धरलं. गावंडे पोट चोळत होते. मी गादीतली हवा सोडलेलीच ठेवली.

शिकणारे अडले की पेशंटनं थोडं सुचवायचं असतं. मी कण्हत म्हटलं, "डॉक्टर, मले लघवीले जायचं हाय."

गावंडे म्हणाले, "थांबा बाई. आत्ता वेळ नाही."

वंदना सिस्टरनी ते ऐकलं. त्यांची नजर माझ्या ओटीपोटावर गेली, मग गावंड्यांकडं, मग परत माझ्याकडं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी आणखी एकदा म्हटलं, लघवी. मग पिशवी रिकामी झाली आणि मी मेले.

असल्या प्रत्येक खेळानंतर सगळ्यांनी गोल बसून बोलायचं असतं. कोण चुकलं हे नाही विचारायचं, काय घडलं ते विचारायचं. खरं शिक्षण तिथंच होतं. मी पोट सोडून, तोंड पुसून खुर्चीवर येऊन बसले आणि विचारलं, काय झालं. गावंडे म्हणाले, "पेशंटनं सहकार्य केलं नाही."

सगळे हसले, मीही हसले. मग वंदना सिस्टरना विचारलं, "तुम्हाला काही वाटलं होतं का?"

त्या पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाल्या, "वाटलं होतं. ब्लॅडर भरली असंल म्हणून."

"मग बोलल्या काहून नाही?"

"सरच्या ध्यानात असंलच, असं वाटलं."

गावंडे एकदम त्यांच्याकडं वळले.

चहाच्या सुट्टीत मी वंदना सिस्टरना व्हरांड्यात घेऊन गेले आणि एक गोष्ट सांगितली. ती मी तोवर आमच्या ह्यांच्याशिवाय कुणालाच सांगितलेली नव्हती. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. तालुक्याचा दवाखाना, दुपारची वेळ, माझ्याच वयाची एक बाळंतीण. रक्त जास्त जात होतं. मोठे डॉक्टर म्हणत होते, होईल कमी, बघू. मला दिसत होतं की होत नाहीये. दोन कापडं भिजून झाली होती, ती मीच उचलली होती, त्यांनी नाही. मी ट्रे हातात धरून उभी राहिले. मनात वाक्य तयार होतं, फक्त म्हणायचं होतं. बाई गेली. नंतर डॉक्टरांनी मलाच विचारलं, सिस्टर, इतकं गेलं होतं तर सांगायचं नाही का. त्यांच्या विचारण्यात राग नव्हता. खरंच विचारत होते.

वंदना सिस्टरचा चहा निवला. म्हणाल्या, "ताई, मग आता कसं करायचं? माह्या तोंडातून आवाजच नाही निघत सरच्या समोर."

मी म्हटलं, "हात जसा शिकला तसा आवाजही शिकतो. म्हणा, सर, थांबा."

"सर, थांबा," त्या म्हणाल्या. मला ओठ हललेले दिसले.

मी त्यांना कठड्याशी उभं केलं आणि बाहेरच्या कडुनिंबाला सांगायला लावलं. पाच-सहा वेळा झालं. सातव्या वेळी त्यांनी डोळे मिटून जे "सर, थांबा" म्हटलं, त्याला शेजारच्या ऑफिसातून उत्तर आलं, "काय झालं?" साहेब खिडकीत उभे होते, हातात फाईल. वंदना सिस्टर पदरात तोंड लपवून खाली बसल्या. मी साहेबांना म्हटलं, काही नाही, तुम्ही छान थांबलात.

तीन महिन्यांनी आम्ही त्यांच्या रुग्णालयात गेलो. शिकून गेलेले लोक आपल्या जागी, आपल्या टेबलावर, आपल्या कपाटातलं सामान वापरून तेच करतात का, हे बघायची पद्धत होती. लेबर रूममध्ये दोन टेबलं, मध्ये हिरवा पडदा. त्या दिवशी एकही पेशंट नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला मी खिडकीजवळच्या टेबलावर पोट बांधून चढले आणि सुरू झाले. बाळ काढून झालं होतं. ते प्लॅस्टिकचं बाळ ट्रॉलीवर ठेवलेलं, रक्ताची तोटी सोडलेली, आणि मी अगदी रंगात येऊन ओरडत होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी एका खऱ्या बाईला आत आणलं. पूजा तिचं नाव, बावीस-तेवीसची, पहिलटकरीण, कळा ऐन भरात. तिच्यामागं तिची सासू, डोक्यावर पदर, काखेत कपड्यांचं गाठोडं. दोघी दारातच थबकल्या. पूजा स्वतःची कळ विसरून माझ्याकडं बघत राहिली. पांढरे केस, मोठं पोट, खाली लाल थारोळं.

सासू म्हणाली, "काहून वं बाई, या वयात?"

मी म्हटलं, "नाही हो, हे खोटं आहे."

पण माझं कोण ऐकतं. गावंडे, वंदना सिस्टर आणि तिथली धाकटी नर्स शीतल तोवर पूजाकडं धावले होते. तिला दुसऱ्या टेबलावर घेत असताना ती गावंड्यांना म्हणाली, "सर, पहिले त्यांचं पाहा. माह्यं मागून पाहा." इतक्या वर्षांत रांगेत मला एवढ्या अडलेल्या माणसानं पुढं जाऊ दिल्याचं आठवत नाही.

मी पोट सोडायला गेले तर पट्टा अडकला. तो तसाच ओढून काढला, वरचा एप्रन फेकला, हात कोपरापर्यंत धुतले आणि पूजाच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. तिनं माझा हात धरला. मग ती एकदम गप झाली, आणि मी वंदना सिस्टरना म्हटलं, आली.

बाळ छान झालं. मुलगी. जन्मताच रडली. वंदना सिस्टरनी पूजाच्या मांडीत इंजेक्शन दिलं, वार पडली, गावंड्यांनी ती उलटसुलट करून पूर्ण आहे हे बघितलं. सासू दारातून डोकावून नात बघून गेली. मला वाटलं, संपलं.

आणि रक्त सुरू झालं.

खरं रक्त वाहतं तेव्हा खोलीतला आवाज बदलतो. मी आठ वर्षं तो आवाज नाटकात आणायचा प्रयत्न केला, तो येत नाही. गावंड्यांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "ढिलं आहे." पण नंतर ते जे बोलले ते ऐकून मी त्या परिस्थितीतही त्यांच्याकडं बघितलं. "वंदना सिस्टर, ऑक्सिटोसिन सलाईनमध्ये. शीतल, दुसऱ्या हाताला सुई. आशाताई, अँब्युलन्सला फोन." 'कोणीतरी' नावाचा माणूस त्या खोलीतून गेला होता. प्रत्येक जण "दिलं सर", "लावलं सर" म्हणत होता.

तरी गर्भाशय घट्ट होईना. गावंडे चोळत होते, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पूजाची माझ्या हातावरची पकड सैल व्हायला लागली. ती म्हणाली, "ताई, थंडी वाजून राहिली." गावंडे म्हणाले, "नागपूरला पाठवू. अँब्युलन्स कुठं आहे?" नागपूर तिथून तासाच्या वर. वाटेत काय होतं ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

वंदना सिस्टर काहीतरी बोलल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. माझं लक्ष त्यांच्या ओठांवर होतं म्हणून मला समजलं. मी स्वतः तोंड उघडलं. मी बोललेच असते, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. खात्रीनं सांगता येत नाही. कारण माझ्या हातात पूजाचा हात होता, तीही जवळपास त्या बाळंतिणीच्याच वयाची, आणि मला तो जुना ट्रे दिसत होता.

"सर, थांबा."

आवाज एवढा मोठा होता की पाळण्यातली मुलगी दचकून रडायला लागली. गावंड्यांचा हात थांबला.

वंदना सिस्टर म्हणाल्या, "सर, ब्लॅडर भरलेली आहे. आल्यापासून लघवी झाली नाही तिले. मी कॅथेटर टाकतो."

गावंड्यांनी तिच्या ओटीपोटाकडं बघितलं. मग म्हणाले, "टाका."

नळी गेली. भांडं भरत गेलं, भरतच गेलं, पोरीनं सकाळपासून दाबून धरली असणार. आणि गावंड्यांच्या हाताखाली ते पोट घट्ट होत गेलं. त्यांनी माझा हात ओढून तिथं ठेवला. चेंडू. रबराच्या गादीत हवा भरून मी जे इतक्या वेळा खोटं खोटं केलं होतं, ते खरं असं लागतं. रक्त कमी झालं, मग ठिबकण्यावर आलं. वंदना सिस्टरनी पॅड बदललं, वेळ लिहिली, नाडी लिहिली. अक्षर नेहमीसारखं वळणदार. पंधरा मिनिटांनी अँब्युलन्स आली तेव्हा गावंडे म्हणाले, राहू द्या, पण जाऊ नका, तासभर उभे राहा.

मी बाहेर आले. साडी लाल, केस सुटलेले. सासूनं मला बघितलं आणि हाताला धरून बाकावर बसवलं. पाणी दिलं. मी म्हटलं, तुमची सून बरी आहे. ती म्हणाली, "ते सांगतलं मले सरनं. तुह्यं काय?" मी म्हटलं, मी नर्स आहे, माझं नाटक होतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

थोड्या वेळानं आम्ही रिकाम्या ओपीडीत गोल बसलो. मी विचारलं, काय झालं. मग गावंडे म्हणाले, "मी विसरलो होतो. सिस्टरला आठवलं." एवढंच. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चांगले डॉक्टर बघितले, पण नर्सच्या देखत हे वाक्य म्हणणारा तो एकच. वंदना सिस्टर अंगठ्याकडं बघत होत्या, पण हसत होत्या. म्हणाल्या, "सर, मी लय जोरात बोलली का?" गावंडे म्हणाले, "पोरगी उठली ना तुमच्या आवाजानं. आता घरी गेल्यावर ती रोज उठवंल त्या घराले." साहेबी मराठी सोडून ते प्रथमच आपल्या बोलीत बोलले.

उरलेलं प्रशिक्षण पूर्ण करायला मी दोन दिवसांनी पुन्हा तिथं गेले. आधी वॉर्डात गेले. पूजा उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर रंग परतलेला, मांडीवर मुलगी. मला बघून तिनं सासूकडं बघितलं. दोघींचे चेहरे एकदम पडले. सासू उठली, मला कॉटवर जागा करून दिली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली.

"बसा ताई," पूजा हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यापाशी कोणी आलं का घरचं?"

मला काही कळेना. तिनं उशाखालून कागदात गुंडाळलेला डिंकाचा लाडू काढला. "आईनं काल पाठोले. तुमच्यासाठी एक ठेवला होता. तुम्ही दिसल्याच नाही." मग खाली बघून म्हणाली, "तुमचं बाळ ट्रॉलीवर होतं ना. मी पाहिलं. रडलंच नाही ते. अन् तरी तुम्ही माह्या हात धरून उभ्या होत्या."

नाटकात इतक्या वेळा मरून मी कधी रडले नव्हते. तिथं मात्र मला पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि त्यामुळं त्या दोघींची खात्रीच पटली. मग मी बॅग उघडून ते प्लॅस्टिकचं बाळ काढून दाखवलं, पोट दाखवलं, तोटी दाखवली. सगळं सांगितलं. हे असं मी रोज करते, कधी दिवसातून तीनदा. पूजा आधी बघत राहिली आणि मग इतकी हसायला लागली की पोट धरून बसली. शेजारच्या कॉटवरच्या बायकाही हसल्या. मी लाडू तिच्या हातात परत दिला. म्हटलं, हा तुझा. माझा काही हक्क नाही यावर.

सासू मात्र हसली नव्हती. ती पोटाची पिशवी उलटसुलट करून बघत होती. पट्टे, गादी, वार, सगळं तिनं हात लावून बघितलं. मग विचारलं, "अन् हे बांधून तू वरडतं? मरतं बी?"

"हो."

"अन् मंग लोकं शिकतात?"

"काही शिकतात."

तिनं दारात येऊन उभ्या राहिलेल्या वंदना सिस्टरकडं एकदा बघितलं. मग डबा उघडला, त्यातून दोन लाडू काढले आणि पूजानं ठेवलेल्या लाडवासकट तिन्ही माझ्या हातावर ठेवले.

"इतक्या बाऱ्या बाळंत झाली अन् कोणी लाडू नाही देला तुले?" ती म्हणाली. "खाय. इथंच बसून खाय. पाय वर घे."

मी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि खायला लागले. लाडू कडक होता, माझी दाढ हलत होती, वेळ लागत होता. तिकडं लेबर रूममध्ये तुकडी जमली असावी, कारण वंदना सिस्टर दारातून म्हणाल्या, "ताई, सर वाट पाहून राहिले."

सासूनं मागं वळूनही बघितलं नाही. "थांबवा म्हणा त्याले," ती म्हणाली. "बाळंतीण खाऊन राहिली."